मामा, आधी प्लग काढायला सांगा

मोटार जनरेटर फिरवते, जनरेटर मोटार चालवतो, वर बल्बही पेटतो. ‘लाइट बिल कायमचं बंद!’ मामांनी हा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. बुकिंग दहा हजार.

डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हान दिलं होतं: आमचं चुंबकांचं यंत्र फुकट ऊर्जा देतं, तपासून बघा. २००७ मध्ये लंडनला जाहीर प्रयोग ठरला आणि बारगळला. म्हणे दिव्यांच्या उष्णतेने बेअरिंग बिघडलं! जगाची ऊर्जेची चिंता मिटवायला निघालेलं यंत्र चार दिव्यांपुढे गारद. २००९ मध्ये कंपनीनेच नेमलेल्या परीक्षकांनी एकमताने सांगितलं की, ऊर्जा निर्माण झाल्याचं दिसलेलं नाही. तरी २०१५ मध्ये त्यांनी मोबाइल चार्ज करणारा डबा विकायला काढलाच.

‘राइट बंधूंनाही लोक हसले होते,’ हे उत्तर ठरलेलं. अहो, त्यांनी १९०८ मध्ये फ्रान्समध्ये गर्दीसमोर विमान उडवलं आणि हसणारे गप्प बसले. बुकिंग घेऊन नव्हे.

इथे तर विमानाहून सोपं आहे. मोटारीत घर्षण होतं, तारा तापतात, म्हणजे घातलेल्यातलं थोडं वाया जाणारच. तरीही जास्त मिळतं म्हणता? मग भिंतीतला प्लग काढा, यंत्राची वीज यंत्रालाच द्या आणि महिनाभर बल्ब पेटता ठेवा. मीटर आम्ही आणतो.

मामांना एवढंच लिहिलं. त्यांनी तो मेसेज विक्रेत्याला फॉरवर्ड केला. उत्तर आलं: ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच.’