पुराचा हिशेब

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. अशा पुराचा सरकारदरबारी हिशेब होतो तो रुपयांत: भिंतीला खर्च किती, तिने नुकसान वाचेल किती. ऐकायला रास्तच!

पण समजा, सोसायटीतली एक मोटार बुडाली, तर नुकसान आठ लाख. झोपडीतले शिलाई मशीन, धान्य, कपडे, सगळे वाहून गेले तरी चाळीस हजार. मग भिंत कुठे बांधणे ‘फायद्याचे’ ठरेल? कल्याणाचे अर्थशास्त्र इथेच हरकत घेते. ज्या घरची चूल त्या मशीनवर पेटते, तिथे रुपयाचे वजन जास्त. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत तर गरिबाला होणाऱ्या लाभाला जादा वजन देण्याची सोयच आहे.

आपल्याकडे मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचे काम सुरू आहे. अंदाजे खर्च ४,७०० कोटी. काठावर फिरायला कोण जाणार, आणि पाणी चढले तर ते कोणाच्या दारात शिरणार, हे दोन रकाने आम्हाला शेजारी-शेजारी पाहायचे आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. नदीकाठच्या वस्तीतल्या आमच्या वाचक भगिनींनी तो जरूर करावा.