डब्यावर मिनिटं लिहा

अठरा वर्षं झाली, बार्शीत घरीच डीटीपीचं काम करतेय. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, कधी एखाद्या निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. अशाच एका आत्मचरित्राची सकाळपासून लावलेली पानं दोन वर्षांपूर्वी लाईट गेली आणि गेली. यूपीएस होता. टीं करून ओरडला आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी.

उघडून पाहिला तर आतली बॅटरी फुगून ट्रेमध्येच अडकलेली, स्क्रूड्रायव्हरने ढकलत काढावी लागली. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी. चार वर्षं मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. ही बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांचीच सोबतीण असते, हे यूपीएस विकताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवा घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, ६०० व्हीए आहे, अर्धा तास आरामात." डब्याच्या कडेला बारीक अक्षरात ३६० वॅट छापलेलं होतं. आपल्या संगणकाला लागतात वॅट, आणि ग्राहकाच्या डोळ्यांपुढे नाचवला जातो तो व्हीएचा मोठा आकडा. शिवाय हे वॅट म्हणजे भार पेलण्याची ताकद. किती वेळ पेलणार, ते बॅटरी ठरवते. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एकच बॅटरी. गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर, म्हणजे माझ्या १५० वॅटच्या सीपीयू-मॉनिटरला कागदावर अर्धा तास. पण ७ हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा. भराभर उपसली की ती खूपच कमी देते. नव्या बॅटरीवर मला अकरा मिनिटं मिळाली.

अकरा मिनिटं पुरतात. फाइल सेव्ह करायची, संगणक नीट बंद करायचा, एवढ्यासाठीच यूपीएस असतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून पुष्कळजण तो घेत नाहीत. इन्व्हर्टरवर पंखा थांबत नाही, पण बॅटरीवर यायला त्याला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. आणि लेझर प्रिंटर कृपा करून यूपीएसला लावू नका. तो तापताना एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो.

माझं कंपन्यांना मागणं आहे: डब्यावर वॅट ठळक छापा. १०० आणि २०० वॅटला नवी बॅटरी किती मिनिटं चालते, तेही छापा. बॅटरी कुठल्या महिन्यात बनली, ते ग्राहकाला डबा न फोडता दिसू द्या. दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपल्या गळ्यात पडते आणि आपल्याला पत्ताही नसतो. तोवर दुकानदाराला शंभर वॅटचे दोन पिवळे बल्ब यूपीएसवर लावायला सांगा, बोर्डाचं बटण बंद करा आणि घड्याळ बघत उभे राहा. यूपीएस आधी पूर्ण चार्ज केलेला हवा. मी तसंच केलं. दुकानदार कुरकुरला, पण बल्ब आणले.

बॅटरीवर मी मार्करने महिना-वर्ष लिहिलंय. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळं सेव्ह करून बोर्डाचं बटण बंद करते आणि वेळ मोजते. या महिन्यात आठ मिनिटं भरली. नव्या बॅटरीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.