माजी विद्यार्थ्यांना रंगमंच द्या
पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले आणि नाट्य, नृत्य, संगीत यांना एक हक्काचे घर मिळाले. नाटककार सतीश आळेकरांनी १९९६ ते २००९ या काळात ते सांभाळले. अशा घरातून बाहेर पडलेल्या कलावंताला पदवी मिळते; तालमीची जागा मात्र तासाच्या भाड्याने शोधावी लागते. म्हणून प्रत्येक विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांना आपला रंगमंच पुन्हा खुला करावा. तिथे त्यांनी दाखवलेले काम अर्धवट असले तरी चालेल. एखादा प्रवेश पुन्हापुन्हा का बदलला, नृत्यातली तिहाई समेवर येताना कुठे अडखळली, मानधन कसे ठरवावे, हे आताच्या विद्यार्थ्यांना नुकत्याच त्या वाटेने गेलेल्याकडूनच शिकता येते. वार्षिक स्नेहसंमेलनावर हे भागणार नाही. महिन्यातली एक संध्याकाळ माजी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा.