विश्लेषण: नंबर +91चा, कॉल मात्र परदेशातून! हे कसं घडतं?

'तुमचा मोबाइल दोन तासांत बंद होईल' अशी धमकी देणारा कॉल भारतीय नंबरवरून येतो, पण बोलणारा अनेकदा परदेशात बसलेला असतो. असे कॉल अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने 22 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय यंत्रणा सुरू केली. पहिल्या 24 तासांतच सुमारे 1.35 कोटी बनावट कॉल रोखले गेले. भारतीय नंबर दाखवत परदेशातून आलेल्या कॉल्सपैकी हे प्रमाण तब्बल 90 टक्के होतं.

खोटा नंबर कसा दिसतो?

इंटरनेटवरून जाणारा कॉल लागण्याआधी सर्व्हर एकमेकांना निरोप देतात: कोण, कोणाला कॉल करतंय. या निरोपाची भाषा म्हणजे 'सिप' (गुंतवणुकीची एसआयपी नव्हे!). कॉल करणाऱ्याचा नंबर त्यात पाठवणारी बाजूच लिहिते. पाकिटावर पाठवणाऱ्याने स्वतःचा पत्ता काहीही लिहावा, तसंच हे.

मग सर्व्हर तपासत नाहीत का?

दोन कंपन्यांचे सर्व्हर जोडताना एकमेकांची ओळख पटवता येते. पण ती ओळख शेजारच्या सर्व्हरची असते, मूळ कॉलरची नाही. परदेशी कॉल वाटेत अनेक कंपन्यांमधून जाऊ शकतो. त्यातल्या एकीने जरी डोळेझाक केली, तरी पुढच्या कंपन्या विश्वासावर कॉल पुढे पाठवतात.

उपाय काय?

अमेरिकेत 30 जून 2021 पासून मोठ्या कंपन्यांना इंटरनेट तंत्रावरच्या कॉलसोबत डिजिटल सही जोडणं बंधनकारक आहे. भारताच्या यंत्रणेची पद्धत वेगळी आहे. बाहेरून +91 नंबर आला, की तो ग्राहक खरंच परदेशात रोमिंगवर आहे का, हे पाहिलं जातं. नसेल, तर कॉल तिथेच तोडला जातो.

मग धोका संपला का?

नाही. इंटरनेटवरून आलेला कॉल 'सिम बॉक्स' वापरून देशातच स्थानिक कॉलमध्ये बदलला, तर तो या चाळणीतून निसटतो. व्हॉट्सॲप कॉल तर या वाटेने येतच नाहीत.

म्हणून स्क्रीनवरचा नंबर हा ओळखीचा पुरावा मानू नका. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद कायद्यात नाही. संशयास्पद कॉलची तक्रार 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'मध्ये करा आणि पैसे गेले असतील, तर लगेच 1930 वर फोन करा.