औषध कधी थांबवायचे, हे रक्ताला विचारा

नवजात बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले, की कळंब तालुक्यातल्या गावांतून त्याला आधी तालुक्याला आणि तिथून यवतमाळला हलवतात. तिथे बाळाला ‘काचेत’ ठेवतात, रक्त काढतात आणि बाहेर बसलेले नातेवाईक एकच विचारत राहतात: सीआरपी किती आला? आता त्यात प्रोकॅल्सिटोनिन या महागड्या तपासणीचीही भर पडली आहे. नवजाताच्या रक्तातला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, ओळखताना या तपासण्यांचा उपयोग होतोच. पण आपण त्यांच्यावर नको ते काम सोपवतो. उपचार सुरू करायचे की नाही, हे त्यांनी ठरवू नये. ते थांबवायचे कधी, हे ठरवताना मात्र त्यांच्याशिवाय चालू नये.

कारण शरीराच्या वेळापत्रकात आहे. सीआरपी हा प्रथिनाचा एक प्रकार यकृतात तयार होतो. संसर्ग झाल्यावर रक्तात तो वाढलेला दिसायला सहा ते बारा तास लागतात आणि पुरता चढायला एक-दोन दिवस. बाळ पहिल्यांदा मलूल झाले त्या घटकेला काढलेल्या रक्तात तो अगदी नॉर्मल येऊ शकतो, आणि त्या रिपोर्टवर विसंबून बाळाला घरी धाडले तर घात होतो. प्रोकॅल्सिटोनिन त्याआधी वाढू लागते, पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही आपोआप वाढते. बाळ किती तासांचे आहे हे न पाहता वाचलेला आकडा फसवतो. शिवाय अवघड बाळंतपणानंतर संसर्ग नसतानाही सीआरपी चढतो.

मग सुरुवात कशावरून करायची? त्याचे उत्तर विदर्भातच मिळाले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच प्रशिक्षित स्त्रियांकडे घरोघरी नवजात बाळांची काळजी सोपवली. रक्ताची एकही तपासणी नव्हती. रडणे, दूध ओढणे, शुद्ध, श्वास, छाती, नाळ अशा लक्षणांवरून त्या सेप्सिस ओळखत आणि प्रतिजैविक देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. आशाताईंच्या घरभेटी याच कामातून देशभर गेल्या. हे सिद्ध झालेले असताना रिपोर्टची वाट पाहत पहिले इंजेक्शन लांबवणे समर्थनीय नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की लक्षणांवरून औषध दिले तर ते अनेक निरोगी बाळांनाही जाईल आणि जंतू निर्ढावतील. धोका खरा आहे. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६च्या अभ्यासात सेप्सिस झालेल्या बाळांत सर्वाधिक आढळलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. पण याच आक्षेपामुळे रक्ताच्या तपासणीचे खरे स्थान कळते. संशय येताच रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू उगवतात का हे पाहायला, पाठवून औषध सुरू करावे. मग बाळ सावरले, कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत आणि चोवीस तासांच्या अंतराने केलेले दोन सीआरपी नॉर्मल आले, तर औषध बंद करावे. सात दिवसांचा ‘कोर्स’ सवयीने ओढत नेऊ नये. प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे औषध लवकर थांबवल्याने उपचाराचा काळ ६५ तासांवरून ५५ तासांवर आल्याचे नेदरलँड्ससह चार देशांतल्या १७१० बाळांच्या चाचणीत २०१७ मध्ये दिसले. ती बाळे चौतिसाव्या आठवड्यानंतर जन्मलेली आणि श्रीमंत देशांतली होती. आपल्याकडच्या दीड किलोच्या बाळाला तो हिशेब जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी थांबवण्याचा नियम असावा, हे त्यातून ठरतेच.

बाळ वाचेल का, हेही या आकड्यांतून कळावे अशी अपेक्षा असते. एका आकड्यावरून ते कळत नाही. उपचार चालू असताना सीआरपी चढताच राहणे, प्लेटलेट्स घसरत जाणे, लॅक्टेट खाली न येणे, ही चढउताराची दिशा काही सांगते, आणि तेही बाळाकडे पाहून. सगळे बिघडल्यावर काढलेल्या रक्तावरून भाकीत करता आले तरी बाळाच्या हाती त्यातून काही लागत नाही.

म्हणून कळंबसारख्या ठिकाणी नव्या महागड्या यंत्राची मागणी करण्याआधी तीन साध्या गोष्टी मागायला हव्यात: पहिल्या इंजेक्शनआधी बाळाचे निदान एक मिलिलीटर रक्त घेता येईल अशी कल्चरची बाटली, ती त्याच दिवशी यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोचवणारी गाडी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सीआरपी करण्याची सोय. जिल्हा आरोग्य यंत्रणेने निदान एवढे तरी करावे.