हिरवळ कुणासाठी?

वाचनालयाचं आवार सुशोभित करायचं म्हटलं की आधी ठेकेदार आठवतो. मग लॉन, कारंजं, पेव्हर ब्लॉक आणि कुलूप. वाचणारा कुठं बसेल, हे नकाशात नसतंच!

दोस्तहो, मुंबईत काळ्या घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय घ्या. १८४७ साली टांकसाळीतल्या नि सरकारी गोदीतल्या मेकॅनिक-फोरमन मंडळींनी ती संस्था काढली. हातानं काम करणाऱ्यांनी! १८७० साली दगडी इमारत झाली. मागे बाग, भर फोर्टात सावली, बाक नि पुस्तक. सभासद व्हायला वर्गणी पडते, पण आमचं भांडण त्या बागेशी नाही. तिची नक्कल करणारे बाग तेवढी उचलतात आणि मेकॅनिक विसरतात, त्यांच्याशी आहे.

त्याच मुंबईत चर्नी रोडची बाग होती. भीमराव नावाचा पोरगा शाळा सुटल्यावर तिथं वाचत बसायचा. घरी, परळच्या डबक चाळीत, एकच खोली. केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं ते या बागेत. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, १६ ला आपलं चांदा. बागेतल्या त्या पोराला कुणी हटकून हाकललं असतं तर?

आणि आपल्याकडे? मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर. त्यात लॉनला रोज पाणी पाजायचं, नि पेव्हर ब्लॉक तव्यासारखे तापलेले. कडुनिंब, करंज, चिंच, मोह कुठं गेले? मोहाखाली बसायला कुणाला शिकवावं लागत नाही इथं. शोभेला म्हणून कुंडीत पिवळा बांबू लावतात! अरे, बल्लारपूरच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं याच रानाचा बांबू गिळून कागद काढला. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी आपलाच बांबू विकायला २०११ उजाडावं लागलं. ज्यांच्या रानाचा कागद, त्यांचीच पोरं भरतीचा अभ्यास करायला पायरीवर बसली की वॉचमन शिट्टी मारतो.

तेव्हा नकाशा काढणाऱ्या साहेबांनी आधी या पोरापोरींना विचारावं. जुनं झाड तोडू नये. बुंध्याभोवती रुंद पार बांधावा, वर दिवा, जवळ प्यायचं पाणी, नि पोरींसाठी उघडा राहणारा संडास. उरलेल्या पैशात कारंजं बसत असेल तर बसवा बापा. फाटक मात्र रात्री दहापर्यंत उघडं पाहिजे.