निरोगी काडी मिळेल; पिठ्या ढेकणाचे काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी १,७६५.६७ कोटी रुपयांच्या ‘क्लीन प्लांट प्रोग्रॅम’ला मंजुरी दिली. फळपिकांची विषाणुमुक्त रोपे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविणे, हा त्याचा उद्देश असून, नियोजित नऊ केंद्रांपैकी द्राक्षाचे केंद्र पुण्याच्या वाट्याला आले आहे. ही बाब स्वागतार्हच म्हणावी लागेल. मात्र, निरोगी काडी लावली की बाग कायम निरोगी राहील, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. विषाणू बागेत प्रथम शिरतो तो बहुधा काडीबरोबर; पण एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर त्याला नेण्याचे काम रस शोषणारे कीटक करतात.

‘लीफरोल’ हा द्राक्षावरील विषाणूजन्य रोग याचे ठळक उदाहरण आहे. लाल जातींत हंगामाच्या अखेरीस पाने लालबुंद होऊन कडांनी खाली वळतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. वेल मरत नाही, हीच खरी मेख! ती फळे देतच राहते. पण उत्पन्न घटते, घड उशिरा पिकतात, गोडी भरत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या फिंगर लेक्स भागात २०१२ साली झालेल्या एका अभ्यासानुसार, काहीच उपाय न केल्यास बागेच्या २५ वर्षांच्या आयुष्यात हेक्टरी सुमारे २५ ते ४१ हजार डॉलरचे नुकसान होते.

या रोगाचा प्रमुख वाहक म्हणजे पिठ्या ढेकूण, अर्थात मिलीबग. विषाणू वेलीचा अन्नरस वाहणाऱ्या पेशींत वसतो आणि हा कीटक सोंड खुपसून नेमका तोच रस पितो. तासाभराच्या शोषणातही तो विषाणू उचलू शकतो. पुढच्या वेलीला तो देण्यासही तेवढाच अवधी पुरतो. नुकतीच अंड्यातून निघालेली पिले यात अधिक तरबेज. त्यांना पंख नसले, तरी वारा, अवजारे आणि मजुरांचे कपडे त्यांना बागभर फिरवतात. त्यात मुंग्यांची भर. ढेकणाच्या गोड, चिकट स्रावाच्या लोभाने त्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. खोडाच्या सालीखाली दडलेल्या ढेकणांपर्यंत फवारा पोहोचणे कठीण. आणि कीटक मेला तरी वेलीतील विषाणू मरत नाही. त्यावर औषध नाही.

मग उपाय काय? दक्षिण आफ्रिकेतील वर्गेलेगन या १७०० साली स्थापन झालेल्या मळ्याने तो करून दाखविला. तेथे २००२पासून रोगट बागा तणनाशकाने मुळांसकट मारण्यात आल्या, कारण जमिनीत उरलेली मुळे बराच काळ जिवंत राहून विषाणू सांभाळतात. काही काळ जमीन पडीक ठेवून मग प्रमाणित रोपे लावली गेली. येथवर काम आपल्या नव्या योजनेसारखेच. पुढचे मात्र चिकाटीचे होते. ढेकूण व मुंग्यांवर सतत नजर, दरवर्षी तपासणी आणि रोगट आढळलेली प्रत्येक वेल उपटणे. पांढऱ्या जातींत लक्षणे डोळ्यांना नीट दिसत नसल्याने त्यांची प्रयोगशाळेत चाचणी झाली. सुमारे ४१ हेक्टरांवर २००२ साली १०० टक्के असलेला रोग २०१२ मध्ये ०.०३ टक्क्यांच्याही खाली आला.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये नाशिक व पुणे भागांतील वेलींत लीफरोलचे विषाणू असल्याचे दाखवून दिले. आपल्याकडील मुख्य कीड म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकूण. दक्षिण आफ्रिकेतील वा कॅलिफोर्नियातील द्राक्षढेकणापेक्षा ही जात वेगळी. तिच्याकडे आजवर घड चिकट व काळे करणारी कीड म्हणूनच पाहिले गेले. ती विषाणूची वाहतूक कितपत करते, याचा शोध पुण्यातील केंद्राने अग्रक्रमाने घ्यायला हवा.

दुसरा प्रश्न पैशाचा. मोठ्या रोपवाटिकांना तीन कोटी आणि मध्यम रोपवाटिकांना दीड कोटी रुपयांचे साह्य २०२५ मध्ये जाहीर झाले. पण उभी, फळ देणारी वेल उपटायची ती बागायतदाराने, तीही लागवडीचे कर्ज डोक्यावर असताना. एकाने उपटली आणि बांधापलीकडच्याने ठेवली, तर वारा ढेकणाची पिले पुन्हा आणून सोडणारच. एका मालकाच्या मळ्यात निर्णय एकाचा असतो. दोन-चार एकरांच्या बागा शेजारी शेजारी असलेल्या दिंडोरी-निफाडमध्ये तो गावाला मिळून घ्यावा लागेल. शिवाय आपल्याकडे प्राबल्य थॉमसन, तास-ए-गणेश अशा पांढऱ्या जातींचे. म्हणजे पाहणी नजरेने भागणार नाही. दरवर्षी चाचणी आली, आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, हे योजनेतच ठरायला हवे.